खिडकी नसलेलं ऑफिस

जानेवारी २०२४ मधली रात्र. बाहेर उणे सोळा. बेसमेंटमधून वर येणाऱ्या जिन्याचं दार आमच्याकडे सहसा वाजत नाही. खाली राहणारा मुलगा संकोची आहे. भाड्याचे पैसेसुद्धा पाकिटात घालून, पाकिटावर महिन्याचं नाव लिहून देणारा. त्या रात्री पावणेअकराला त्याने दार वाजवलं. अंगात जॅकेट तसंच, बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर वितळतोय, आणि हात लांब करून पुढे धरलेला फोन. "काकू, हे जरा वाचता का? मला वाटतं मीच काहीतरी चुकीचं वाचतोय."

तो चुकीचं वाचत नव्हता. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे, एवढंच तीन ओळींत लिहिलेलं होतं.

मुलगा मिरजेचा. इथे कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला कॉलेज करतो आणि संध्याकाळी जेवणाच्या ऑर्डरी घरोघर पोचवतो. दोघा मित्रांनी मिळून घेतलेली जुनी कोरोला, मागच्या सीटवर ती चौकोनी, आतून चंदेरी पिशवी. त्या दिवशी ॲपने मधेच सेल्फी मागितला होता. खातं ज्याच्या नावावर आहे तोच ते चालवतोय ना, हे तपासायला असा सेल्फी मागतात. याने प्लाझाच्या पार्किंगमध्ये, गाडीतल्या छोट्या दिव्याच्या उजेडात काढून पाठवला. कानटोपी काढायचं सुचलं नाही, चष्म्यावर वाफ. बहुधा यंत्राला चेहरा जुळला नाही. बहुधाच म्हणायला हवं, कारण खरं कारण त्याला कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी आमटी-भात गरम करून त्याच्यापुढे ठेवला, तो तसाच गार होत गेला. मदतीसाठी म्हणून एक चॅट होतं. त्यात लिहिलं की चार-पाच मिनिटांनी उत्तर यायचं, आणि दर वेळी खाली नाव वेगळं. वाक्य मात्र तेच: आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, निर्णय अंतिम आहे. फोन नंबर नव्हता. पत्ता नव्हता. रात्री एकच्या सुमाराला त्याने विचारलं, "काकू, इथे यांचं ऑफिस कुठे असेल? उद्या सकाळी जाऊन उभा राहतो. मला बघितलं की कळेल ना त्यांना, मीच आहे म्हणून."

त्याचं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मिरजेच्या मुलाला सुचणारा हा अगदी सरळ उपाय. रेशनकार्डात नाव चुकलं, तहसील कचेरीत जाऊन उभं राहायचं. लाइटबिल चुकलं, एमएसईबीच्या खिडकीशी रांग लावायची. कारकून खेकसेल, उद्या या म्हणेल, पण काचेपलीकडे एक माणूस असतो आणि त्याला आपला चेहरा दिसतो.

अकरा दिवस खातं बंद होतं. बाराव्या दिवशी सकाळी ते आपोआप सुरू झालं. कशामुळे बंद झालं होतं आणि कशामुळे उघडलं, याचा एक शब्दही नाही. आमच्या घरात मीच काय ती खूश झाले. तो म्हणाला, "म्हणजे हे परत कधीही होऊ शकतं."

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. इथली ग्रंथालयं पुस्तकांपुरती नाहीत. लोक फॉर्म भरायला येतात, प्रिंट काढायला येतात, आणि अलीकडे फार मोठ्या संख्येने येतात ते फोन पुढे करून. "हे काय म्हणतायत?" पंजाबी आजोबा, युक्रेनहून आलेली बाई, घानाचा टॅक्सीवाला. आमच्या काउंटरला खिडकी आहे आणि खिडकीत माणूस आहे, म्हणून जगभरच्या बिनखिडकीच्या ऑफिसांच्या तक्रारी आमच्याकडे येतात. माझ्या हातात त्यातलं काही नसतं. मी वाचून दाखवते.

म्हणून त्या रात्रीनंतर मी या विषयाचं वाचत गेले, आणि वाचता वाचता दोनदा नेदरलँड्सला जाऊन पोचले. ते सांगते.

टोरांटोत डेव्हिड हेलर नावाचा माणूस उबर ईट्ससाठी जेवण पोचवत असे. आठवड्याला ४०-५० तास काम करून हातात चारशे ते सहाशे डॉलर. आपण कर्मचारी आहोत, ऑन्टारिओच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, कामगार कायद्यातले हक्क आपल्यालाही लागू आहेत, असा दावा घेऊन तो कोर्टात गेला. कंपनीने कराराकडे बोट दाखवलं. फोनवर 'मान्य आहे' हे बटण दाबून स्वीकारलेला करार. त्यात म्हटलं होतं की तंटा झाला तर कोर्टात नाही, लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडे जायचं, आणि लवादाची जागा ॲमस्टरडॅम. लवाद सुरू करायचाच खर्च साडेचौदा हजार अमेरिकन डॉलर, वकिलाची फी वेगळी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई नुसत्या दारावर ठेवायची, तेव्हा कुणीतरी आत बोलावणार. आणि हा आकडा करारात लिहिलेलाही नव्हता.

२६ जून २०२० रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द ठरवलं. नऊपैकी आठ न्यायमूर्ती त्या बाजूने. निकालाचा गाभा मला जसा कळला तसा सांगते: एका बाजूला वाटाघाटीची काहीच ताकद नसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला एकतर्फी करार, आणि दाद मागायची वाट अशी की ती चालून जाणंच शक्य नाही, असा करार कायदा मानणार नाही. हेलर कर्मचारी आहे की नाही याचा निवाडा त्या दिवशी झाला नाही. त्याला आपल्या गावच्या कोर्टात उभं राहता येईल एवढंच ठरलं. मला ते 'एवढंच' फार मोठं वाटतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली होती. फूडोरा नावाच्या ॲपचे सायकलवाले टोरांटोत टपाल कामगारांच्या युनियनबरोबर उभे राहिले, आणि ऑन्टारिओच्या कामगार मंडळाने त्यांना संघटना करायचा हक्क आहे असा निर्णय दिला. मे महिन्यात कंपनीने कॅनडातला गाशा गुंडाळला. पोरांच्या हातात हक्क आला आणि काम गेलं. या क्षेत्रात हे असंच होत आलंय: जमीन पायाखाली येते न येते तोच सरकते.

मग कायदेही आले. पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ३ सप्टेंबर २०२४ पासून ॲपवर काम करणाऱ्यांना किमान वेतनाच्या १२० टक्के दर मिळू लागला. सुरुवातीला तो तासाला २०.८८ डॉलर होता. अपघात झाला तर विम्याचं संरक्षण, आणि ऑर्डर स्वीकारण्याआधीच कुठे जायचं आणि किती मिळणार हे दिसलं पाहिजे, अशा अटी. ऑन्टारिओचा कायदा २०२२ मध्येच मंजूर झाला होता, पण तो प्रत्यक्ष लागू झाला १ जुलै २०२५ ला. तीन वर्षं एखादा कायदा कपाटात का राहावा, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. आमच्या बेसमेंटमधल्या मुलाचे अकरा दिवस त्या तीन वर्षांत पडले. आता खातं २४ तासांहून जास्त काळ बंद करायचं असेल, तर गंभीर गैरवर्तनासारखे अपवाद सोडून दोन आठवड्यांची लेखी सूचना द्यावी लागते, कारण सांगावं लागतं. तंटा ऑन्टारिओतच सोडवावा लागतो. हे शेवटचं वाचताना मला हेलर आठवला. एका माणसाने 'मान्य आहे' दाबलेल्या कराराविरुद्ध हट्ट धरला, म्हणून ॲमस्टरडॅम इथवर सरकत आलं, असं मी मनाशी मांडते.

पण दोन्ही कायद्यांत एक खोट आहे आणि ती मला बोचते. किमान वेतन मोजायचं ते ऑर्डर स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंतच्या वेळाचं. वाट बघण्याचा वेळ त्यात धरत नाहीत.

ही वाट बघणं काय असतं ते एकदा येऊन पाहावं. आमच्या जवळच्या प्लाझात संध्याकाळी साडेसहानंतर आठ-दहा गाड्या उभ्या असतात. इंजिन चालू, कारण बंद केलं तर पाच मिनिटांत आतलं सगळं गोठतं. चालू ठेवलं तर पेट्रोल जळतं. प्रत्येक गाडीत डॅशबोर्डवर अडकवलेला फोन आणि त्याच्या उजेडात एकेक चेहरा. मी एकदा डबा द्यायला गेले, तर आमच्या मुलाने काच खाली केली, डबा घेतला, हसला, पण नजर फोनवरून हलली नाही. ऑर्डर आली की मोजक्या सेकंदांत घ्यावी लागते. त्याने पोळीचा तुकडा तोडला तोही न बघता. त्या संध्याकाळी तो सव्वा तास तसाच ताटकळत होता. कायद्याच्या हिशेबात तो सव्वा तास घडलाच नाही.

माझे मामा मशीद बंदरात माथाडी होते. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्याची पोती, दुपारी त्या गाळ्याची. कुणी म्हणावं हा माझा माणूस? तो प्रश्न महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवला. टोळीची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार द्यायचा, त्याचा फंड ठेवायचा. त्या मंडळांचं पुढे काय काय झालं, तिथल्या तक्रारी काय आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही मूळ कल्पना केवढी शहाणी होती! अण्णासाहेब पाटलांचं नाव घेताना मामा हात जोडायचे ते उगाच नव्हे. ज्याला मालक नाही त्यालाही जाऊन उभं राहायला एक खिडकी पाहिजे, हे तेव्हा लोकांना कळलं होतं. आज टोरांटोत आणि व्हँकुव्हरमध्ये तोच प्रश्न नव्याने सोडवायला बसलेत, आणि पाठ्यपुस्तक मशीद बंदरात आहे हे त्यांच्या गावीही नाही.

आता दुसरं नेदरलँड्स. हे लिहायला मला जड जातंय, म्हणून जेवढं सांगायला हवं तेवढंच सांगते.

ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम या गावात अमांडा टॉड नावाची मुलगी होती. सातवीत असताना इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने तिला गोड बोलून क्षणभर कपडे वर करायला लावले आणि ते चित्र टिपून ठेवलं. मग धमक्या. आणखी दाखव, नाहीतर हे सगळीकडे पाठवतो. त्याने ते तिच्या वर्गमित्रांपर्यंत पोचवलं. तिने शाळा बदलली, पुन्हा बदलली. प्रत्येक नव्या शाळेत ते चित्र तिच्या मागोमाग आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये तिने जवळजवळ नऊ मिनिटांची एक चित्रफीत टाकली. त्यात ती एक शब्द बोलत नाही. हाताने लिहिलेली कार्डं एकामागून एक कॅमेऱ्यापुढे धरते. १० ऑक्टोबरला तिने आयुष्य संपवलं. पंधरा वर्षांची होती.

तो माणूस नेदरलँड्समध्ये बसलेला होता. बावीस वेगवेगळ्या खात्यांवरून तो एकटाच तिच्या मागे लागला होता. त्याला कॅनडात आणायला २०२० चा डिसेंबर उजाडला, आणि शिक्षा झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेरा वर्षांची. अमांडाची आई कॅरल टॉड त्या मधल्या दहा वर्षांत शाळाशाळांतून, देशोदेशी बोलत राहिली.

मी हेलरच्या करारातलं ॲमस्टरडॅम आणि हा माणूस एकाच पारड्यात घालत नाही. कराराच्या कलमाने कुणाचं लेकरू जात नाही. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे आणि ती मी डोळ्याआड करू शकत नाही: दुखणं आपल्या घरात, आपल्या पोराच्या खोलीत, आणि त्याची दाद-फिर्याद समुद्रापलीकडे.

कॅनडाने काहीच केलं नाही असं नाही. अमांडा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये नोव्हा स्कोशियात रेटाया पार्सन्स ही सतरा वर्षांची मुलगी गेली, आणि लोक हादरले. मार्च २०१५ पासून कुणाचंही खाजगी चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवणं हा फौजदारी गुन्हा झाला. पण फौजदारी कायद्याची चाल बैलगाडीची, आणि चित्राची विजेची. आईला त्या रात्री एवढंच हवं असतं की ते चित्र आत्ता खाली उतरावं.

त्यासाठी २६ फेब्रुवारी २०२४ ला सी-६३ हे विधेयक आलं. न्यायमंत्री आरिफ विराणी यांनी मांडलं. त्यात सात प्रकारची घातक सामग्री नेमकी सांगितली होती. त्यातल्या दोन प्रकारांसाठी, म्हणजे मुलांचं लैंगिक शोषण आणि संमतीशिवायची खाजगी चित्रं, यांसाठी २४ तासांत ती दिसेनाशी करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती. न केल्यास जगभरच्या उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. एक डिजिटल सुरक्षा आयोग, आणि सामान्य माणसाची बाजू ऐकणारा एक लोकपाल. हे लोकपालाचं कलम मी दोनदा वाचलं. खिडकी होती ती.

पण त्याच विधेयकात द्वेषमूलक भाषणाच्या शिक्षा वाढवणारी कलमंही घातली. नरसंहाराला चिथावणी देण्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा, मानवी हक्क कायद्यात नवी तरतूद. त्यावर वादळ उठलं, आणि ते निराधार नव्हतं. उद्या कुणी सत्ताधारी आपल्याला नको ते बोलणं यात बसवील, ही भीती आणीबाणी ऐकून-वाचून वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. चूक माझ्या मते मांडणाऱ्यांची होती. ज्यावर सगळ्यांचं एकमत होऊ शकत होतं ते, आणि ज्यावर रास्त मतभेद होते ते, एकाच गाठोड्यात बांधलं. डिसेंबरात सरकारने गाठोडं सोडून दोन विधेयकं करायचं ठरवलं, तोवर उशीर झाला. ६ जानेवारी २०२५ ला पंतप्रधान ट्रुडो यांनी राजीनाम्याची घोषणा केली, संसदेचं अधिवेशन संपवलं गेलं आणि सी-६३ जागच्या जागी संपलं. सर्वसाधारण बातम्यांत त्याला अर्धं वाक्य मिळालं. मी त्या दिवशी काउंटरवर होते. मला वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगावं हे कळेना.

मोठ्या कंपन्यांपुढे सरकार किती टिकतं हेही त्याच वर्षी दिसलं. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवरचा तीन टक्के डिजिटल सेवा कर ३० जून २०२५ ला पहिल्यांदा वसूल व्हायचा होता. अमेरिकेने व्यापाराची बोलणी थांबवली, आणि २९ जूनच्या रात्री तो मागे घेतल्याचं जाहीर झालं. दोनच दिवसांनी ऑन्टारिओचा ॲप कामगारांचा कायदा लागू झाला. केंद्राने हात टेकले, प्रांताने एक पाऊल टाकलं.

प्रांतांतच मला आशा दिसते. ब्रिटिश कोलंबियात २९ जानेवारी २०२४ पासून खाजगी चित्रांबाबतचा वेगळा कायदा आहे. तिथे एक न्यायाधिकरण आहे जे मुळात ऑनलाइनच चालतं. वकील लागत नाही. घरी बसून फोनवर अर्ज करायचा, आणि ते चित्र काढून टाकायचा हुकूम थेट कंपनीला देऊ शकतात. कायदा आला तेव्हा पाच हजार डॉलरपर्यंत भरपाईसुद्धा. २०२५ मध्ये त्या न्यायाधिकरणाने एक्स, म्हणजे पूर्वीच्या ट्विटर, कंपनीला एक लाख डॉलर दंड केला. कंपनीने चित्र फक्त कॅनडापुरतं झाकलं होतं; बाकीच्या जगाला ते दिसतच होतं. ज्या बाईचं चित्र आहे तिचे नातेवाईक, ओळखीपाळखीचे कॅनडातच राहतात असं थोडंच आहे? माझी मावसबहीण पुण्यात आहे, भाचा ऑस्ट्रेलियात. लाज देशाच्या सीमेवर थांबत नाही, हे तिथे कुणालातरी कळलं.

ऑन्टारिओत असा स्वतंत्र कायदा अजून नाही. ब्रॅम्प्टनच्या आईला ती खिडकी नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. शनिवारी मराठी शाळेत मी मोठ्या मुलांना शिकवते. मागच्या हिवाळ्यात पालकांसाठी मी या विषयावर अर्धा तास बोलले. धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही, घाबरून सगळं पुसून टाकायचं नाही, पुरावा ठेवायचा, आणि मुलाला पहिल्यांदा हे सांगायचं की तुझ्यावर आम्ही रागावलेलो नाही. विनिपेगमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणारं एक केंद्र आहे, त्यांची सायबरटिप नावाची सेवा देशभरातून तक्रारी घेते, हेही सांगितलं. चहा झाला, लोक कोट चढवून निघाले. एक बाई चपला-बुटांच्या रॅकपाशी घुटमळत राहिल्या. सगळे गेल्यावर जवळ आल्या. "ताई, ते तुम्ही सांगितलंत ना... मुलग्यांच्या बाबतीतही होतं का हो असं?"

होतं, मी म्हणाले. अलीकडे मुलग्यांच्या बाबतीतच फार होतं.

त्या खाली बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, यांना अजून सांगितलेलं नाही. पोलिसांत गेलं तर कॉलेजच्या प्रवेशात अडचण येईल का? गावाकडे कळेल का?

सोमवारी माझी सुट्टी होती, तरी मी त्यांना ग्रंथालयात बोलावलं. मागच्या बाजूची छोटी खोली घेतली, दार लावलं, संगणक सुरू केला. त्यांनी पर्समधून एक वहीचा कागद काढला. त्यावर तारखा होत्या, नीट, एकाखाली एक, वाणसामानाची यादी लिहावी तशा अक्षरात. मुलाने रात्री त्यांच्या कुशीत तोंड खुपसून जे जे सांगितलं, ते त्यांनी पहाटे उठून लिहून ठेवलं होतं.

फॉर्म उघडला. नाव द्यायचं की नाही हे आपल्यावर आहे, असं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, नको. खालच्या चौकटीत विचारलं होतं, काय घडलं. त्या मराठीत सांगू लागल्या आणि मी इंग्रजीत टाइप करू लागले. दुसऱ्या वाक्याला त्या थांबल्या.

"ताई, 'माझा मुलगा' असंच लिहा हं. 'तक्रारदाराचा मुलगा' वगैरे नको."

मी मागे जाऊन ते दुरुस्त केलं आणि पुढचं वाक्य विचारलं.